वाराचं पान

पेशवाईतलं दान बघायचं तर श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी जावं लागे. तिथल्या रमण्यात लांबलांबून आलेल्या ब्राह्मणांना आत घेत, दरवाजे लावून घेत आणि मग एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवत. प्रथा मूळची तळेगावची, खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले, त्यानंतर पेशव्यांनी ती पुण्यात आणली. पुढे तिचा थाट असा वाढला की श्रावण लागला की पुण्याच्या वाटा माणसांनी फुलून जात. विद्वान शास्त्र्याला जास्त, साध्या भिक्षुकाला कमी, अशी प्रतवारी असे. कोण देतंय हे घेणाऱ्याला ठाऊक असे, बघणाऱ्याला ठाऊक असे आणि जो आलाच नाही त्याच्याही कानावर जाई. दरबाराला ते हवंच होतं. दक्षिणा हा धर्म होता, तसा तो राज्याचा डंकाही होता.

याच शहराच्या पेठांमधून रोज सकाळी आणखी एक दान चाले. त्याला रमणा नव्हता, कारकून नव्हता, यादी नव्हती. सोवळ्याचा पंचा नेसलेला, खांद्यावर झोळी आणि हातात पितळी भांडं घेतलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा वाड्याच्या चौकात उभा राही आणि ‘ॐ भवति भिक्षां देहि’ अशी हाक देई. आतून कुणीतरी बाहेर येई. मूठभर भात, त्यावर वरण, असली तर भाजी, कधी पोळीचा चतकोर त्याच्या भांड्यात पडे आणि मुलगा पुढच्या दाराकडे वळे. पाचेक घरं झाली की तो आपल्या बिऱ्हाडी परते आणि जे मिळालं असेल ते एकत्र करून जेवे. ही माधुकरी. पेशवाई बुडाली, रमणा ओस पडला, इंग्रजी शाळा आल्या, प्लेग येऊन गेला, तरी सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत ही हाक विसाव्या शतकातही ऐकू येत होती.

माधुकरीच्या जोडीला वार होते. आठवड्याचे सात वार, सात घरं. सोमवारी एकाकडे पान, मंगळवारी दुसऱ्याकडे. गावाहून आलेल्या मुलाला ओळखीचे एखादे गुरुजी, मास्तर नाहीतर लांबचा नातलग घरोघर नेई आणि वार लावून देई. सातही लागले तर नशीब थोर. पाचच लागले तर उरलेले दोन दिवस चुरमुऱ्यांवर काढायचे. यजमान गावाला गेले, घरात सुतक आलं, घरची बाई बाहेर बसली आणि दुसरं करणारं कुणी नसलं, की त्या दिवसाचं पान गेलं. ते आधी कळायची सोय नव्हती. पाय धुवून आत जावं तेव्हा कळे.

पण हे इतकी वर्षं चाललं कसं? त्याचं उत्तर पुणेकरांच्या दानशूरपणात शोधायला गेलं तर फसगत होईल. पुणेकरांची त्याबाबतीत ख्याती मुळातच बेताची. उत्तर रीतीत आहे. मुंजीच्या दिवशी सावकाराच्या मुलालाही भिक्षावळीत झोळी पुढे करावी लागे आणि पहिली भिक्षा आई घाले. ब्रह्मचाऱ्याने मागून शिकायचं आणि गृहस्थाने घालायचं, अशी कामाची वाटणीच होती. वैश्वदेव झाल्यावर अतिथीला घातल्याशिवाय आपण पानावर बसायचं नाही, हा गृहस्थाचा नेम. त्यामुळे दारातल्या मुलाला भात वाढणं हे तुळशीला पाणी घालणं, गोग्रास काढणं यांच्या रांगेतलं काम होतं. त्याची कुणाला नोंद ठेवावीशी वाटली नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणगीदाराचं नाव रंगवणारा आपला समाज, आणि त्यात पुणं तर पाट्यांचं माहेरघर. पण आपल्या वाड्यात किती मुलं जेवून शिकली याची पाटी लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

लावायचीच म्हटली असती तर त्या पाटीवर नाव कुणाचं घालणार होते, हाही प्रश्नच आहे. वार यजमानाच्या शब्दाने लागे. तांदूळ मात्र आतली बाई वैरत असे. महिनाअखेरीला डब्याचा तळ दिसू लागला तरी आधणात एका माणसाचे तांदूळ जास्त पडायचे, आणि ते कुठून काढायचे हे तिलाच ठाऊक. पुष्कळ घरांत चुलीपुढे आलवणातली विधवा आत्या नाहीतर सासू असे. तिचं स्वतःचं जेवण एकवेळचं. तिच्या हातचं खाऊन मुलं वकील झाली, मामलेदार झाली, प्रोफेसर झाली, पुढे काहींनी आठवणीही लिहिल्या. वाराच्या घराचं आडनाव त्यांत सापडतं, यजमानांचा हुद्दा सापडतो. ती मात्र ‘काकू’ नाहीतर ‘आजी’ एवढ्यावरच राहते.

१८१८ नंतर रमण्यातल्या दक्षिणेची गंमत झाली. इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही, रोष ओढवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. एल्फिन्स्टनने तिच्यातला पैसा विद्येकडे वळवायला सुरुवात केली आणि १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. १८४९ च्या सुमाराला लोकहितवादींसारख्या सुधारकांनी मागणी केली की दक्षिणेतला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शास्त्रीमंडळ खवळलं. शेवटी दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि ज्या पैशाने एकेकाळी रमण्यात गर्दी लोटे तो अर्ज, छाननी आणि बक्षीस या वाटेने जाऊ लागला.

दारातल्या दानाची गरज उलट वाढली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. कोकणातून घाट चढून, देशावरच्या खेड्यांतून मुलं येऊ लागली. शाळेत नादारी मिळे, पुस्तकं कुणाची तरी जुनी मिळत. पोटाला मात्र नादारी नसते. मग सकाळी सोवळं नेसून माधुकरी, ती आटोपली की सदरा-टोपी चढवून वर्गात हजर. एका अंगावर दोन युगं वागवणारी ही मुलं शेक्सपिअर पाठ करत आणि संध्याकाळी पुन्हा झोळी झटकून वाळत घालत.

त्यांना हे सगळं गोड लागत होतं असं मानू नये. वाराचा मुलगा ही घरात सगळ्यांत शेवटची पायरी. त्याला बाजारातून भाजी आणायला सांगत, पाणी भरायला लावत, धाकट्या पोराचा पाढा घ्यायला बसवत. पंक्तीत तूप वाढणारा हात त्याच्या पानाशी आला की आखडता व्हायचा. शाळेत ‘माधुकऱ्या’ म्हणून चिडवणारे सोबती असत, आणि त्यांच्याच घरी सकाळी भिक्षेला उभं राहायची वेळ येई. काही घरांत मात्र त्याला लेकासारखं वागवलं, सणाला धोतर दिलं, तापात काढा करून पाठवला. देणाऱ्याने नाव लावलं नाही म्हणून घेणाऱ्याला ओझं वाटलं नाही, असा हिशेब बसत नाही. सात जणांत मिंधेपणा वाटून घेतला की तो एकेकाचा थोडा थोडा होतो, एवढाच काय तो वारांचा दिलासा.

याहून मोठी गोम वेगळीच होती. ती हाक कुणालाही देता येत नसे. मराठा, माळी, महार, मांग, मुसलमान घरातल्या मुलाला त्या चौकात उभं राहण्याचीच मुभा नव्हती. शिजलेल्या अन्नाचा विटाळ मानणाऱ्या घरांत भाताची मूठ जातीबाहेर जाणार कशी? पुण्यात हजारो मुठी रोज वाटल्या जात होत्या आणि गंज पेठेतल्या, नाना पेठेतल्या हुशार पोराला त्यातलं शीत मिळत नव्हतं. बिननावाचं दान एका भिंतीच्या आत फिरत होतं. आत असलेल्यांना भिंत दिसत नसे, कारण देणारा आणि घेणारा दोघेही तिच्या एकाच बाजूला होते.

भिंतीबाहेरच्यांना म्हणून सगळं नावानिशी उभं करावं लागलं. पुण्यातले वकील गंगारामभाऊ म्हस्के यांनी १८८० च्या दशकात डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन काढली. मागास समाजातल्या मुलांना शिष्यवृत्त्या द्यायच्या, त्यासाठी संस्थानिकांकडे, सरदारांकडे जायचं, वर्गणी गोळा करायची, अहवाल छापायचे. १८९३ मध्ये जमखंडीहून फर्ग्युसनला आलेले विठ्ठल रामजी शिंदे याच संस्थेच्या मदतीवर शिकले. त्यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं आणि पुढे पुण्यात, नाना पेठेतल्या अहिल्याश्रमापर्यंत ते काम नेलं. या माणसांना गुप्त दान परवडणारं नव्हतं. ज्यांच्या मागे रीत उभी असते त्यांना नाव लपवता येतं. ज्यांना रीत मोडून नवी पाडायची असते त्यांना आपलं नाव, पत्ता आणि हिशेब घेऊन लोकांच्या दारात जावं लागतं.

नाव नको असताना ते चिकटल्याचं उदाहरणही पुण्यातच आहे. स. प. महाविद्यालयात मराठी शिकवणारे श्री. म. माटे वर्षानुवर्षं अस्पृश्य वस्तीत शाळा चालवत राहिले. पेठेतल्या लोकांनी त्यांना ‘महार माटे’ म्हणायला सुरुवात केली. म्हणणाऱ्यांच्या मनात ती शिवी होती. माट्यांनी ती शांतपणे वागवली.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या घरी तर प्रश्न उलटाच होता. एका ब्राह्मण विधवेने, काशीबाईने, बदनामीच्या भयाने आपलं नवजात मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या सुमारास, १८६३ मध्ये, फुल्यांनी आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, कुणी नाव विचारणार नाही. तशा जाहिराती शहरात भिंतींवर लावल्या. म्हणजे करणाऱ्याने आपलं नाव उघड सांगायचं आणि येणारीचं नाव पोटात ठेवायचं. १८८४ मध्ये सुधारक मलबारींच्या विधवांविषयीच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी लिहिलं की तोपर्यंत पस्तीस विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या. आकडा आहे, नावं नाहीत. त्या घराबद्दल शहर काय बोलत असेल याची कल्पना करता येते. जोतीरावांना आपलं नाव गाजण्याची नव्हे, डागाळण्याची किंमत मोजावी लागली. पुढे १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला पोरक्या, भुकेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला, तेव्हाही मदतीचं आवाहन त्यांनी नावानेच केलं.

तळेगाव दाभाड्याची आठवण इथे काढायला हवी. ज्या गावात दक्षिणेची प्रथा सुरू झाली, त्याच गावात १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाची कल्पना अशी की प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला एक पैसा द्यावा. टिळकांनी ती उचलून धरली आणि स्वयंसेवक डबे घेऊन बाजारात, जत्रांत उभे राहू लागले. दाभाड्यांच्या दक्षिणेत देणारा एक आणि घेणारे हजारो होते. इथे देणारे हजारो, आणि एका पैशासाठी कोण नाव सांगत बसणार? तरीही फंडाने हिशेब ठेवले, सभा घेतल्या, वार्षिक अहवाल दिले. माधुकरीच्या भाताला हिशेब नव्हता; पैशाला मात्र तो लागतो, आणि पुण्यातले सार्वजनिक काम करणारे तो फार लवकर शिकले. धोंडो केशव कर्व्यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, पुढे हिंगण्याची संस्था, हे सारं त्यांच्या पायपिटीवर आणि पैन् पैच्या जमाखर्चावर उभं राहिलं.

या दोन्ही तऱ्हा एका ठिकाणी आल्या त्या १९०९ मध्ये, दादासाहेब केतकर आणि त्यांच्या सोबत्यांच्या अनाथ विद्यार्थी गृहात. केतकरांना माधुकरीची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नव्हती. निराधार मुलांनी एकत्र राहायचं, आपली कामं आपण करायची आणि शिकायचं, अशी ही सोय. सुरुवातीला तिथल्या मुलांच्या हातीही झोळी होती. केतकर कीर्तनकार होते, कीर्तनांतून त्यांनी संस्थेसाठी निधी जमवला. म्हणजे देवाच्या नावाने मागितलं आणि चोपडीत लिहिलं. मग शाळा आली, छापखाना आला, छपाईचं शिक्षण देणारी महाराष्ट्र मुद्रणशाळा आली. मुलाच्या हातात भांड्याऐवजी खिळे आले. ‘अनाथ’ हा शब्द यथावकाश पाटीवरून गेला आणि संस्था पुणे विद्यार्थी गृह झाली. तिथून शिकून गेलेल्यांनाही तो शब्द आपल्यापुढे लावून घेणं आवडलं नसावं, यात नवल काय?

माधुकरी संपली ती कुणी ठराव केला म्हणून नाही. हॉटेलात खाणं, पंक्तीला बसणं यांतला विटाळ कमी झाला, खानावळी वाढल्या, चार पैशांची शिकवणी करून मेसचे पैसे भागवता येऊ लागले. पण मोठा घाव बहुधा रेशनिंगने घातला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचं नियंत्रण आलं आणि मग ते इतर शहरांतही पोचलं. कार्डावर घरातली तोंडं मोजली जाऊ लागली. आधणात एका माणसाचे तांदूळ जास्त वैरणं आता बाईच्या हाती राहिलं नाही. ते सरकारी दुकानदाराच्या मापावर गेलं. जी गोष्ट कधी मोजली गेली नव्हती ती मोजायची वेळ आली आणि ती फार असल्याचं दिसलं.

त्यानंतर वाडेही फार टिकले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली घरं पाण्यात विरघळली. (आदल्या रात्रभर त्या मातीच्या धरणावर जवानांनी वाळूची पोती रचली, म्हणून पाणी अंधारात न येता दिवसा आलं आणि हजारो माणसं जगली. त्या जवानांतला एक तरी नावानिशी सांगू शकेल असा पुणेकर विरळाच.) चौक, ओसरी, माजघर अशी रचना जाऊन दोन खोल्यांचे ब्लॉक आले. ब्लॉकच्या दारावर बेल असते. तिथे उभं राहून भिक्षेची हाक देता येत नाही.

गरज मात्र कुठे गेली होती? १९५५ मध्ये डॉ. अच्युत आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली ती याच गरजेपोटी. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना, पुढे मुलींनाही, कमी पैशात राहायला-जेवायला मिळावं, त्यांनी काम करून शिकावं, आणि जात कुणी विचारू नये. तिथे वर्गणीदार आहेत, देणगीची पावती मिळते, आयकरात सवलतही मिळते. जुन्या काकूंना हे विचित्र वाटलं असतं. पण समितीच्या वसतिगृहात जेवणाऱ्या मुलाला कुणाच्या पंक्तीत तुपाची वाट बघावी लागत नाही, हा फरक काकूंपेक्षा त्या वाराच्या मुलाने चटकन ओळखला असता.

सदाशिव आणि नारायण पेठांत आजही बाहेरगावची मुलं पुस्तकं घेऊन बसलेली दिसतात, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडची ही मुलं स्पर्धा परीक्षेसाठी येतात, अभ्यासिकेत जागा घेतात आणि मेस लावतात. मेस चालवणाऱ्या बाईला महिन्याचे पैसे मोजले जातात, व्यवहार चोख असतो. पैसे थकले तरी एखादी बाई पान बंद करत नाही, तेवढी उधारी वहीत पडून राहते.

आणि मुंजी तर अजून लागतातच. कार्यालयात भिक्षावळीच्या वेळी बटू झोळी पसरून उभा राहतो. आई लाडू घालते, आत्या काजूची पाकिटं, मावशी चॉकलेटचा मोठा डबा, शेजारच्या काकू पाचशेची नोट. फोटोग्राफर म्हणतो, ‘मावशी, डबा जरा वर धरा, नाव दिसू द्या,’ आणि मावशी डबा पुन्हा झोळीबाहेर काढून सावकाश आत सोडतात.